हृदयासाठी डीसेल्युलराइज्ड मॅट्रिक्स: पॅच की जेल?

हृदयाच्या ऊतीतल्या पेशी धुऊन काढल्या की उरलेल्या मॅट्रिक्सचं, म्हणजे पेशींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या जाळीचं, काय करायचं, हे लवकर ठरवावं लागतं. तो अखंड ठेवून पॅच करायचा, की दळून, पेप्सिन या पाचक विकराने पचवून जेल? मी दोन्हींवर काम केलंय. एसडीएस या साबणासारख्या रसायनाने पेशी काढणं, मग तो एसडीएस धुऊन घालवत बसणं, डीएनए कोरड्या वजनाच्या मिलिग्रॅममागे 50 नॅनोग्रॅमच्या खाली आणणं, हे सगळं दोन्हीकडे सारखंच. वाटा त्यानंतर फुटतात.

भुरळ पॅचच घालतो. तंतूंची दिशा, रक्तवाहिन्यांच्या रिकाम्या नळ्या, टाका धरण्याइतकी ताकद, सगळं जागच्या जागी असतं. 2008 साली मिनेसोटा विद्यापीठात हाराल्ड ऑट आणि डोरिस टेलर यांच्या गटाने उंदराचं अख्खं हृदय पेशीमुक्त करून त्यात नव्या पेशी भरल्या. आठव्या दिवशी, विद्युत उत्तेजन दिल्यावर, त्याने प्रौढ हृदयाच्या साधारण 2 टक्के पंपिंग केलं. आकडा छोटा आहे, पण आमच्यापैकी अनेकजण त्या कामामुळेच या क्षेत्रात आले.

माझं घोडं अडलं ते पेशी आत नेण्यापाशी. पॅचवर पेशी सोडा, वाढू द्या, मग काप घेऊन रंगवा: कडेला केंद्रकांची एक सुबक रेघ आणि आत नुसतं कोलॅजेन. सुईने आत सोडल्या तर सुई गेली तिथे पुंजका साचतो, बाकीचं द्रव त्याच छिद्रातून परत येतं. पातळ काप वापरले की पेशी बऱ्या जगतात, पण मग ज्या ताकदीसाठी पॅच निवडला तीच कमी होते. वाहिन्यांतून पेशी सोडता येतात, मात्र आतलं अस्तर सलग बसलं नाही तर रक्त गोठतं. ऑक्सिजन झिरपून जेमतेम 100 ते 200 मायक्रोमीटर पोचतो आणि माणसाच्या डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची) भिंत सेंटिमीटरभर जाड. हे गणित मला पॅचमध्ये शेवटपर्यंत सोडवता आलं नाही.

जेलमध्ये पेशी आत नेण्याचा प्रश्नच उरत नाही. थंड असताना द्रव, 37 अंशांना घट्ट. पेशी आधीच सारख्या मिसळता येतात, किंवा नुसतं जेल सोडून शरीराच्याच पेशी आत येऊ देता येतात. सॅन डिएगोच्या कॅरन क्रिस्टमन यांच्या गटाचं डुकराच्या हृदयापासून केलेलं व्हेंट्रिजेल 15 रुग्णांना छाती न उघडता, कॅथेटरने दिलं गेलं. निष्कर्ष 2019 मध्ये आले. ती चाचणी सुरक्षिततेची होती, तुलनेचा गट नव्हता. त्यामुळे परिणामाबद्दल मी हात राखूनच बोलेन.

उणिवा आहेतच. जेल फारच मऊ असतं, तंतूंची दिशा नाहीशी होते, टाका धरायचा प्रश्नच नाही. छिद्र बुजवायचं असेल किंवा भिंतीचा तुकडा बदलायचा असेल तर पॅचला पर्याय नाही. पण हृदयविकाराच्या झटक्यानंतर पातळ होत चाललेल्या भिंतीला आधार द्यायचा असेल, तर मी तरी जेलच घेईन. तेव्हा चरबी मात्र कसोशीने काढा. ती राहिली की जेल नीट घट्ट होत नाही. माणसाच्या हृदयाची ऊती असेल तर चरबी विरघळवणाऱ्या आयसोप्रोपेनॉलची पायरी टाळू नका.