तीनपैकी एकच खोली ॲपवर

कोकणात आंजर्ल्याला आमच्या वाडीत पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत. पूर्वी माणसं ओळखीपाळखीतून यायची, मग मुलाने खोल्या बुकिंगच्या ॲपवर चढवल्या. पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय ढीगभर सापडतात, पण घर चालवणाऱ्याच्या बाजूने कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. शनिवार-रविवार आमच्याकडे ॲपशिवायही भरतो. पुण्या-मुंबईची माणसं शुक्रवारी रात्री निघतात आणि रविवारी जेवून परत जातात. मधले वार मात्र रिकामे जायचे. ते वार ॲपने भरले. लॅपटॉप घेऊन आठवडाभर राहणारी बेंगळुरूची, हैदराबादची मुलं, एकट्या फिरणाऱ्या मुली, ही माणसं ओळखीतून आमच्यापर्यंत कधीच पोचली नसती. पैसे आधीच भरलेले असतात, त्यामुळे ऐन वेळी न येणारेही कमी झाले. जीएसटीचीही डोकेदुखी नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि आपली नोंदणी नसेल, तर ॲपवरून झालेल्या बुकिंगचा कर कायद्याने ॲपवाल्यानेच भरायचा असतो. बदल्यात कमिशन जातं. ज्या ॲपवर ते सगळं यजमानाकडून घेतात तिथे साधारण १५ टक्के धरून चाला. रिकाम्या मंगळवारी ते मला जड वाटत नाही. भरलेल्या शनिवारी का द्यायचं, हे मात्र कळत नाही.

आता अडचणी. कोकणात घरगुती राहण्याचा हिशोब माणशी असतो, दोन्ही वेळचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून. ॲपला कळते खोली. मग दोघांची म्हणून घेतलेल्या खोलीत चौघं उतरतात, जादा गाद्या मागतात आणि जेवणाचे पैसे वेगळे म्हटलं की चेहरे पडतात. आम्ही वर्णनात मराठीत आणि इंग्रजीत स्पष्ट लिहिलं आहे, पण फोटो बघून बुकिंग करणारा खालपर्यंत वाचत नाही. फोनवर हे सगळं दोन मिनिटांत ठरतं, जेवणात मासे हवेत की उकडीचे मोदक इथपर्यंत.

माझा खरा राग आहे तो कासवांच्या दिवसांत पाहुणे ॲपवर देतात त्या ताऱ्यांवर, म्हणजे रेटिंगवर. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. कासवमित्र म्हणून काम करणारे स्वयंसेवक आणि वनखात्याची माणसं ती अंडी जपून हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या कुंपण घातलेल्या जागेत, हलवतात. पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, वाळू किती तापते त्यावर पुढेमागे होतं. म्हणजे अमुक शनिवारी पिल्लं दिसतीलच असं ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. तरी बरेच जण बुकिंग करतात ते फक्त त्यासाठी. गेल्या हंगामात एका कुटुंबाने सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जाऊन वाट पाहिली, पिल्लं आली नाहीत, आणि त्यांनी तीन तारे दिले. खोली स्वच्छ, जेवण उत्तम, 'पण कासवं दिसली नाहीत'. त्या ॲपकडे दाद मागितली तर तेच छापील उत्तर दोनदा आलं: अभिप्राय नियमात बसतो, काढता येणार नाही. मुलांच्या हिरमोडाचं मलाही वाईट वाटलं होतं, म्हणूनच तर त्यांना मी स्वतः कड्यावरच्या गणपतीला घेऊन गेले होते.

तीन तारे म्हणजे बरे की, असं बाहेरच्याला वाटेल. पण एअरबीएनबी या बुकिंग ॲपवर 'सुपरहोस्ट', म्हणजे उत्तम यजमान, हा दर्जा मिळायला ताऱ्यांची सरासरी पाचपैकी ४.८ लागते. दहा जणांनी पाच-पाच दिले आणि दोघांनी तीन-तीन, तर सरासरी ४.६७ वर येते. लहान घराकडे अभिप्रायच मोजके, त्यात एकाच्या नाराजीचं वजन फार होतं. मोठ्या रिसॉर्टला ते जाणवतही नसेल.

यातली निम्मी नाराजी आधी बोलता आलं तर टळेल. कोणतं घरटं कधीचं आहे हे मला हॅचरीवर विचारून कळतं. फोनवर मी सांगू शकते की या आठवड्यात आशा कमी आहे, पुढच्या आठवड्यात या. पण बुकिंग पक्कं होण्याआधी ॲपवरच्या निरोपात नंबर लिहिला की तो पुसला जातो. कमिशन बुडू नये म्हणून हे करतात, ते समजतं. नुकसान मात्र पाहुण्याचंही होतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमच्या पोफळी आडव्या केल्या, पडवीचे पत्रे उडाले. लाइट नाही, नेटवर्क नाही. रेंज आल्यावर पहिले फोन आले ते वहीत नावं असलेल्या जुन्या पाहुण्यांचे. काहींनी पुढच्या वर्षीचे पैसे आगाऊ पाठवले, त्यातून पत्रे आले. ॲपकडून हे व्हावं अशी माझी अपेक्षा नाही, पण सगळ्या खोल्या त्याच्या हाती देताना मला ते आठवतं.

म्हणून आता तीनपैकी विहिरीकडची एकच खोली ॲपवर आहे, आणि तीही एकाच ॲपवर. दोन ठिकाणी टाकली की एकीकडचं बुकिंग दुसऱ्या कॅलेंडरवर दिसायला काही तास लागू शकतात आणि तेवढ्यात तीच तारीख दुसऱ्याला जाते. रविवार ते गुरुवारच्या रात्री उघड्या, शुक्रवार-शनिवार बंद. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत ती खोलीसुद्धा ॲपवर बंद असते. कासवांसाठी येणाऱ्यांनी आधी फोन करायचा, मी हॅचरीवर विचारून मगच तारीख देते.