रंगांसाठी पहिली जोडी: कॉर्न स्नेक की बॉल पायथन?

बॉल पायथनची मादी एका खेपेला सहाच्या आसपास अंडी घालते, कॉर्नची पंधरा-वीस. साप दोन्ही गरीब, पिंजऱ्याचा खर्चही जवळपास सारखाच. पण वेगवेगळ्या रंगांची पिल्लं काढण्यासाठी जोडी लावायची असेल तर आधी अंड्यांचा हा आकडा बघावा.

बॉलचं आकर्षण खोटं नाही. पॅस्टल, मोहावे, लेसर हे गुण अपूर्ण प्रभावी. जनुकाची एकच प्रत असली तरी पिल्लू अंड्यातून निघतानाच वेगळं दिसतं. पॅस्टलला मोहावे लावली की सरासरी चारांत एक पिल्लू दोन्ही रंग घेऊन येतं, दुसऱ्या पिढीची वाट बघायला नको. फक्त स्पायडर या मॉर्फच्या, म्हणजे रंगप्रकाराच्या, वाटेला जाऊ नका. डोकं डुलण्याचा दोष त्या जनुकालाच चिकटलेला आहे, कितीही निवडून जोड्या लावल्या तरी सुटत नाही. डेझर्टच्या माद्यांची अंडी अडकतात, सुपर सिनॅमनच्या मणक्याला बाक येऊ शकतो. विकणारा मॉर्फचं नाव सांगतो, दोष तुम्हालाच विचारावे लागतात.

अल्बिनो, पाइडसारख्या अप्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती असल्या तरच दिसणाऱ्या, गुणांवर आलात की हिशेब फिरतो. एकच प्रत लपवून असलेला साप म्हणजे हेट, दोन गुणांची एकेक प्रत असलेला डबल हेट. असे दोन गुण एका पिल्लात हवेत आणि आईबाप दोघं डबल हेट असतील, तर सोळांत एक. सहा अंड्यांत ते निदान एक निघण्याची शक्यता ३२ टक्के, अठरांत ६९. कॉर्नमधला स्नो, म्हणजे ॲमेल (काळा रंग नसलेला) आणि ॲनेरी (लाल रंग नसलेला) एकत्र, म्हणूनच नवख्यालाही जमतो. हेट गुणिले हेटमधली साध्या रंगाची पिल्लं ‘६६ टक्के हेट’ म्हणून विकतात, म्हणजे तिनांत दोन हेट असण्याची शक्यता. त्यांतली कोणती खरी हेट, हे डोळ्यांना कळत नाही. मादी तीन वर्षं वाढवण्याआधी तिच्या कातेची जनुक-तपासणी करून घ्यावी.

माझा कल मात्र गणितापेक्षा बॉलच्या उपोषणाने ठरला. हंगामात नर जोडीच्या नादात महिनोन्महिने खात नाही. मादी अंडी पोटात असताना खाणं सोडते आणि अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली की पुन्हा सोडते. १५०० ग्रॅमची मादी अंडी घालून अगदी उतरते, वजन परत भरेपर्यंत पुढचा हंगाम हातचा गेलेला असतो. माझ्या पाहण्यात दरवर्षी अंडी देणारी बॉल अपवादच. त्यात हे उपोषण सवय की आजार, हे बाहेरून ओळखता येत नाही. दर आठवड्याला वजन करा, थर्मोस्टॅट तपासा, आणि वितळवलेला पण न खाल्लेला उंदीर फेकून द्या. कुणाला यात काहीच त्रास वाटणार नाही, हेही कबूल.

कॉर्नची ३०० ग्रॅमची मादी हिवाळी झोपेतून उठली की बहुधा पहिल्याच उंदरावर झडप घालते. झोपेआधी दोन आठवडे खाणं बंद ठेवायचं, नाहीतर थंडीत पोटातलं कुजतं. मग १० ते १५ अंशांत दोन महिने, पाणी कायम समोर.

कॉर्नची कटकट पिल्लांची. पहिली कात टाकल्यावर पिंकी, म्हणजे उंदराचं केस न आलेलं नवजात पिल्लू, द्यायची, तर प्रत्येक खेपेत दोन-तीन हट्टी निघतातच. आधी पिंकी साध्या पाण्याने धुऊन, पुसून द्या. नाही घेतली तर तिच्या डोक्याला छेद देऊन. तरीही नाही, तर सरड्याचा वास लावून, पिल्लू आणि पिंकी छोट्या डब्यात रात्रभर अंधारात. बहुतेक इथे मानतात. शिवाय वीस पिल्लं म्हणजे वीस डबे, आणि पेन्सिलीएवढं पिल्लू झाकणाच्या फटीतून सहज निसटतं.

उबवणीत फरक तापमानाचा: कॉर्नला २७-२८ अंश, बॉलला ३१-३२. दिवस दोघांना साठच्या आसपास. अंड्यांखाली व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं खनिज) आणि पाणी वजनाने सारखं, अंड्यावर पेन्सिलीने वरची बाजू खुणावून ठेवायची आणि ते फिरवायचं नाही.

हे सगळं परदेशातल्या मराठी मंडळींसाठी. हे दोन्ही साप भारतातले नाहीत, आणि भारतातले देशी साप पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. अमेरिकेतही राज्य बघून ठरवा: न्यू जर्सीत कॉर्न धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि जॉर्जियात तो पाळायला बंदी आहे. तिथे बॉलचं पारडं आपोआप जड होतं.

बाकी ठिकाणी कॉर्न घेणार असाल तर ॲमेल आणि ॲनेरीची जोडी घेऊन शून्यापासून सुरू करू नका. स्नो नर आणि डबल हेट मादी थोडी महाग पडेल, पण सोळांत एकचं चारांत एक होतं, तेही पहिल्याच खेपेला.