1/144 मध्ये डिसेंबर 71: बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

विमानांच्या मॉडेल्समध्ये 1/72 स्केल (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं) सोडून 1/144 वर (त्याच्याही निम्म्या मापावर) आलो त्याला आता बरेच महिने झाले, मधे अख्खा पावसाळा पण काढला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. फ्लॅटमध्ये राहून लढाऊ विमानांची मॉडेल्स जमवायची असतील तर आधी शोकेसचं माप घ्या आणि मग स्केल ठरवा, बाकी सगळं नंतर.

माझा विषय डिसेंबर 1971 चं भारत-पाक युद्ध. नुसतं 'भारतीय हवाई दल' म्हणलं की व्हॅम्पायरपासून राफेलपर्यंत घेतच बसाल, पैसे पण संपतील आणि भिंत पण. 3 ते 16 डिसेंबर एवढंच धरलं की यादी आपोआप आखडते. नॅट, हंटर, मिग-21, सुखोई-7, मारुत, कॅनबेरा, ट्रान्सपोर्टमध्ये (म्हणजे माल आणि माणसं वाहणारी) अँटोनोव्ह-12, पॅकेट, डकोटा, आणि विक्रांतवरची सी हॉक अन् अलिझे. बोयराची चकमक (पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर नॅटनी पाकिस्तानी सेबर विमानं पाडली ती) 22 नोव्हेंबरची, म्हणजे नियमात बसत नाही, पण ते नॅट सोडवेना म्हणून घेतलंच. माझंच कलेक्शन आहे, कोण विचारतंय.

आता स्केलचा खरा फायदा. अँटोनोव्ह-12 चा विंगस्पॅन 38 मीटर, म्हणजे 1/72 मध्ये जवळपास 53 सेंमी, एकच विमान पूर्ण कप्पा खाणार. 1/144 मध्ये तेच साधारण 26 सेंमी, आणि शेजारी पावणेपाच सेंमी पंखांचं नॅट उभं केलं की दोघांच्या आकारातला फरक बघूनच माणूस थांबतो, काही सांगावं लागत नाही. आणि ट्रान्सपोर्ट टाळून चालतच नाही हो. 11 डिसेंबरला टांगाईलला (आताच्या बांगलादेशात) पॅराट्रूपर उतरवले ते याच विमानांतून, शिवाय अँटोनोव्ह-12 मध्ये बॉम्ब भरून त्याचा चक्क बॉम्बर केला होता. 1/72 वाल्यांच्या शोकेसमध्ये बहुतेक वेळा नुसती फायटर दिसतात, कारण मोठ्यांना जागाच नसते.

तोटे पण आहेत, आणि ते किट उघडल्यावरच कळतात. 1 मिमी म्हणजे खऱ्या विमानात 14.4 सेंमी. पंखाची मागची कड किटमध्ये अर्धा मिमी जाड असली तर ती खऱ्यात 7 सेंमी झाली, म्हणजे घासत बसा. मी आतल्या बाजूने घासतो, दोन अर्धे चिकटवायच्या आधी, काचेवर सँडपेपर चिकटवून. चाकांचे पाय इतके बारीक की पुसताना एकदा कापड अडकलं की गेलं, म्हणून अर्धी विमानं मी चाकं आत घेऊन स्टँडवरच लावलीत. पिटो ट्यूब (वेग मोजायची पुढे आलेली बारीक नळी) प्लास्टिकची ठेवूच नका, इन्सुलिनची सुई कापून लावा.

सगळ्यात जास्त डोकं मिग-21 ने खाल्लं. बॉक्सवर मोठ्या अक्षरात मिग-21 लिहिलेलं असतं पण आत बहुतेक वेळा एमएफ किंवा बिस (नंतरचे प्रकार) असतं, आणि 71 ला आपल्याकडे लढलं ते एफएल, म्हणजे टाइप 77. एफएलची पाठ सडपातळ, पिटो नाकाच्या बरोब्बर मध्यावर वरती, कॅनॉपी (कॉकपिटवरची काच) पुढच्या बाजूला उघडणारी. एमएफची पाठ फुगीर, पिटो उजवीकडे सरकलेला, कॅनॉपी बाजूला उघडते. पुट्टी लावून एकाचं दुसरं होत नाही, नवीन विमान कोरल्यासारखंच होतं ते, त्यामुळे पीएफ (ज्यावरून एफएल केलं तो प्रकार) किंवा एफएलचंच किट शोधा, उशीर झाला तरी चालेल. एफएलला आतली तोफ नव्हती, पोटाखाली जीपी-9 गनपॉड लावायचे. 12 डिसेंबरला कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं स्टारफायटर पाडलं ते जामनगरच्या मिगने, याच तोफेने. तो पॉड किटमध्ये सहसा नसतो, मी स्प्रूचा (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या काडीचा) तुकडा घासून केला, लांबून छान दिसतो, लेन्स लावून बघू नका.

रंगाला मात्र मोकळीक आहे. त्या वेळी बऱ्याच चकचकीत मिगना तळावरच घाईघाईत कॅमोफ्लाज मारलं गेलं, त्यामुळे दोन विमानं सारखी दिसत नाहीत, ब्रशचे फटकारे दिसले तरी उलट बरंच. हंटरचं तसं नाही, ते गडद हिरवं आणि करडं, कडा नीट हव्यात.

डीकल्सबद्दल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा) तक्रार आहेच. एका विक्रेत्याकडून मागवलेल्या शीटवरचा केशरी इतका पातळ छापलेला होता की हिरव्यावर लावला की विटकरी दिसायचा, आणि फोटो पाठवून पण काही उत्तर नाही. उपाय असा की आधी तेवढ्याच मापाचा पांढरा गोल लावायचा, वाळू द्यायचा, मग त्यावर राउंडेल (हवाई दलाचं तिरंगी गोल चिन्ह). 4 मिमीच्या गोलावर गोल बसवायचा म्हणजे श्वास रोखूनच काम, पण केशरी केशरी दिसतो. पावसाळ्यात ग्लॉस कोट (चकचकीत वॉर्निश) मारू नका, दमट हवेत पांढरट धुकं धरतं. जुलै-ऑगस्टमध्ये मी फक्त घासकाम करतो.

नौदलाच्या विमानांसाठी गोव्याला बोगमाळोजवळचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम बघाच, सी हॉक आणि अलिझे दोन्ही उभी आहेत, अलिझेचे पंख कुठे दुमडतात याचे फोटो मी तिथेच काढले, किटच्या कागदावर ते चित्र धड नव्हतंच.

खर्चाचं म्हणाल तर किट स्वस्त, शिपिंग आणि कस्टम ड्युटी जोडली की मोठ्या स्केलएवढंच पडतं, तेव्हा पैसे वाचतील म्हणून इकडे येऊ नका, जागा वाचते म्हणून या. पहिलं किट हंटरचं घ्या, सुटे भाग कमी आणि लोंगेवालामुळे घरच्यांना पण विमान ओळखीचं. मारुत सध्या टेबलावर आहे, थ्रीडी प्रिंटचं, अंगावर प्रिंटच्या रेघा आहेत, प्रायमर-सँडपेपर-प्रायमर चालू आहे, पंखाच्या बुडाशी अजून दोन रेघा दिसतायत.