नखवाल्या बेडकासाठी क्लिपांच्या झाकणाची टाकी : पाचपैकी चार स्टार

घरात आफ्रिकन क्लॉड फ्रॉग आहे किंवा येणार आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. ही ७५ लिटरची काचेची टाकी मासे पाळणाऱ्यांसाठी म्हणून विकली जाते. त्या कामाला ती कशी आहे हे मला सांगता येणार नाही. मी तिच्याकडे एकच प्रश्न घेऊन गेले : यातून बेडूक बाहेर पडू शकेल का? झाकण नीट लावलं तर नाही. म्हणून चार स्टार. पाचवा का राखून ठेवला ते पुढे येईलच.

माझी ठकी पूर्ण वाढलेली मादी आहे, तळहात भरून उरेल एवढी. आधी ती भाचीकडे होती. भाची शिकायला दूर गेली तेव्हा ठकी माझ्याकडे आली. हा प्राणी नीट ठेवला तर १५ वर्षं सहज जगतो, काही तर त्याहूनही बरेच जास्त. विकत घेताना हे क्वचितच कुणी सांगतं. तेव्हा पिल्लू इवलंसं असतं आणि बऱ्याचदा ड्वार्फ फ्रॉग म्हणून गळ्यात मारलं जातं. फरक बघायचा तर पुढचे पाय बघा. ड्वार्फ फ्रॉगच्या पुढच्या बोटांमध्येही पडदा असतो, याची पुढची बोटं सुटी असतात. ड्वार्फ दोनेक बोटांएवढाच राहतो, हा वाढतच जातो आणि टाकीतल्या सोबत्यांना गिळू लागतो.

आता झाकण. स्टीलची चौकट, धातूची बारीक जाळी आणि चारही बाजूंना धातूच्या क्लिपा. या बेडकाचा सगळा जोर मागच्या पायांत असतो. रात्री दिवे मालवले की ठकी तळापासून सरळ वर झेपावते आणि नाकाने जाळीला धडक देते. नुसतं ठेवलेलं काचेचं झाकण अशा धडकेने सरकतं. हे तसूभरही हललं नाही. कोपऱ्यात खाणं टाकायला छोटं दार आहे आणि त्याला वेगळी कडी आहे, त्यामुळे रोज पूर्ण झाकण काढावं लागत नाही. ही सोय मला सर्वात आवडली. झाकण जितक्या कमी वेळा उघडेल, तितकी ते अर्धवट लागून राहण्याची शक्यता कमी. काचेवर पाण्याच्या पातळीची रेघही कोरलेली आहे. जन्मभर पाण्यात राहूनही हा बेडूक फुप्फुसांनीच श्वास घेतो, म्हणजे पाणी आणि जाळी यांच्यात हवेची जागा हवीच. रेघेपर्यंत पाणी भरलं की ती बरोबर राहते.

झाकणाचं एवढं कौतुक का, असं वाटेल. हा बेडूक मूळचा आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा. १९३०च्या दशकात ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ लॅन्सलॉट हॉगबेन यांच्या कामातून कळलं की गर्भवती स्त्रीच्या लघवीचं इंजेक्शन दिलं तर मादी बेडूक काही तासांत अंडी घालते. मग गर्भ राहिला की नाही हे तपासण्यासाठी हे बेडूक जगभर पाठवले गेले. पुढे प्रयोगशाळांनी त्यांना आपलंसं केलं, नंतर ते घराघरांतल्या टाक्यांत आले. यातले काही निसटले, काही मुद्दाम सोडले गेले. आज कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स, पोर्तुगाल, सिसिली, जपान इथल्या पाण्यांत त्यांची वस्ती आहे. किडे, दुसऱ्या बेडकांची पिल्लं, छोटे मासे, तोंडात मावेल ते खातात. त्याहून वाईट म्हणजे बेडकांच्या अनेक जातींना मारणारी कायट्रिड बुरशी यांच्या अंगावर असू शकते आणि यांना स्वतःला काहीच होत नाही. पावसाळी रात्री जमिनीवरून सरकत ते एका डबक्यातून दुसऱ्यातही जातात. ठकीवर माझा जीव आहे, आणि तिच्यासारखी एकही मादी बाहेरच्या तळ्यात असू नये असंही मला मनापासून वाटतं. या दोन्ही गोष्टी एका घरात नांदवायच्या तर सगळी भिस्त झाकणावरच.

युरोपियन युनियनने २०२२ साली ही जात आक्रमक परक्या जातींच्या यादीत घातली आणि ऑगस्ट २०२४पासून तिच्यावरचे निर्बंध लागू झाले. ज्यांच्याकडे बेडूक आधीपासून आहे त्यांना तो मरेपर्यंत ठेवता येतो, पण तो बंदिस्त हवा आणि त्याची वीण होता कामा नये. कॅलिफोर्नियात परवानगीशिवाय पाळताच येत नाही. तेव्हा टाकी घेण्याआधी आपल्या राहत्या जागेचा कायदा बघा. मनाई असेल तर कितीही भक्कम झाकण तुमच्या कामाचं नाही.

आता न आवडलेलं. झाकणाच्या मागच्या बाजूला नळ्या आणि वायर आत घ्यायला खाच आहे, ती चांगली रुंद आहे आणि तिला काहीही आवरण नाही. ठकीचं डोकं तिथून जाणार नाही, पण लहान बेडूक जाईल. इतकं विचार करून बनवलेलं झाकण आणि मागे हे भोक! मी तिथे स्पंजचा तुकडा कापून घट्ट बसवला आणि वरून जाळीची पट्टी तारेने आवळली. पाचवा स्टार गेला तो इथे.

सोबत मिळणारा फिल्टर काठावर टांगायचा आहे आणि त्याची धार जोराची आहे. या बेडकाच्या दोन्ही कुशींवर शिवणीच्या टाक्यांसारख्या छोट्या पांढऱ्या रेघा असतात. पाण्यातली हालचाल त्याला त्यांनीच कळते. सतत वाहणाऱ्या पाण्यात तो कोपरा धरून बसतो, खाणं सोडतो. मी तो फिल्टर काढून ठेवला आणि एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावला. ठकी त्याच रात्री टाकीभर फिरू लागली. हीटर सोबत नाही आणि तो लागलाही नाही. १८ ते २२ अंशांचं पाणी हिला मानवतं, जास्त गरम नको.

खोक्यात रंगीत खडीची पिशवीही येते. ती अजिबात वापरू नका. या बेडकाला जीभ नाही. समोर येईल ते दोन्ही हातांनी तोंडात ढकलतो, आणि त्यात खडा गेला तर पोटात अडकतो. टाकीचा तळ मी मोकळाच ठेवला आहे. लपायला मातीची कुंडी आडवी ठेवली आहे, आणि ठकीच्या डोक्याहून मोठे दोन गुळगुळीत दगड.

तळाशी पाणी सोडायची तोटी आहे. बादलीने उपसायचे कष्ट वाचतात, हे खरं. पण ते पाणी कुठे जातं हे ज्याचं त्याने बघायला हवं. माझं पाणी संडासात जातं, म्हणजे मैलापाण्याच्या गटारात. बागेतल्या तळ्यात, ओढ्यात किंवा पावसाच्या गटारात एक थेंबही नाही. तोटीच्या आत जाळी आहे, पण तिची छिद्रं मोठी आहेत. या बेडकाचं अंडं मिलिमीटरभराचं असतं आणि मादी एका वेळी शेकड्यांनी, कधी हजारांनी अंडी घालते. म्हणून नर-मादी एकत्र ठेवणाऱ्यांनी या जाळीवर विसंबू नये. खरं तर जोडी ठेवूच नये. मादी मोठी असते आणि तिच्या मागे छोटे मांसल लोंबते पापुद्रे दिसतात. नर लहान असतो, विणीच्या काळात त्याच्या पुढच्या पायांवर आतून काळपट डाग येतात. एकटा बेडूक ठेवा किंवा दोन्ही एकाच लिंगाचे.

माहितीपत्रकात क्लोरीन घालवल्याशिवाय पाणी भरू नये असं ठळक लिहिलं आहे, ते उत्तम. पण त्याच पानावर बेडूक आणि छोटे मासे एकत्र पोहतानाचं चित्र आहे. ते मासे बेडकाचं जेवण ठरतील. आणि सांभाळणं जमेनासं झालं तर काय करायचं, यावर पत्रकात एक ओळही नाही. अशा वेळी कायद्यात बसत असेल तर दुसरा पाळणारा शोधा, नाहीतर प्राण्यांचे डॉक्टर किंवा तुमच्या भागातलं वन्यजीव खातं गाठा. बाहेरच्या पाण्यात सोडू नका, हे वाक्य कंपनीने झाकणावरच छापायला हवं.

हेच मॉडेल प्लॅस्टिकच्या क्लिपांतही येतं. खोक्यावरचं चित्र सारखंच आहे, त्यामुळे घेताना खोकं उघडून क्लिपा धातूच्या आहेत का ते हाताने तपासा.