भाड्याचा नाइट: चिलखत घ्या, शिरस्त्राण राहू द्या

कार्निव्हलच्या चित्ररथांसाठी म्हापशातल्या एका वेशभूषेच्या दुकानात मध्ययुगीन नाइटचा, म्हणजे युरोपातल्या चिलखतधारी घोडेस्वाराचा, संच भाड्याने मिळतो: कड्यांचे चिलखत, शिरस्त्राण, ढाल, भाला.

पैसे वसूल होतात ते चिलखतात. १६ गेज जाडीची तार, प्रत्येक कडीत चार कड्या ओवलेल्या, वजन साधारण ११ किलो. मात्र कड्या नुसत्या वाकवून मिटवलेल्या आहेत. अस्सल चिलखतात त्यांची टोके चपटी करून रिबिट मारत. म्हणून ताण येतो तिथे, काखेत आणि कोपरावर, त्या उघडतात. घेतानाच चिलखत उजेडासमोर धरून भोके शोधा. उघडलेली कडी दोन पकडींनी आडवी पिळून मिटवा. फाकवून परत दाबली तर गोल बिघडतो.

आतला जाड अंगरखा दुकानदार देत नाही. जुन्या गोधडीचा शिवून घ्या, युरोपातही थरांवर थर शिवलेलाच घालत. कमरेला पट्टा आवळून चिलखत त्यावर चार बोटे वर ओढले की खांद्यांवरचा बराच भार कमरेवर येतो. काढताना कमरेत वाका, हात खाली सोडा आणि हलके हिसडे द्या, आपोआप डोक्यावरून घसरते.

शिरस्त्राण मात्र घेऊ नका. आकार भालाझुंजीच्या (दोन घोडेस्वार भाले रोखून एकमेकांवर धावत, तो खेळ) बेडूकतोंडी टोपाचा आहे. त्याच्या फटीतून पुढे झुकल्यावरच दिसते. टक्कर होताना स्वार डोके वर करी, मग भाल्याच्या चिरफळ्या डोळ्यात जात नसत. हा धोका खराच होता: १५५९ मध्ये पॅरिसच्या झुंजीत फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री मोडलेल्या भाल्याच्या चिरफळीने जखमी झाला आणि दहा दिवसांनी मेला. अस्सल टोप छातीच्या पत्र्याला घट्ट बसवत, वजन खांद्यांवर जाई. इथला पातळ पत्र्याचा टोप नुसता डोक्यावर ठेवायचा, आत गादीही नाही. मान वळवली की फट एका कानाकडे जाते, चित्ररथाची पायरी दिसत नाही. तोच टोप घालून कोणी दिवसभर चालत नसे, ही गोष्ट दुकानदाराच्या गावी नाही. मागितल्यास रुंद काठाचा साधा लोखंडी टोप मिळतो, तो बरा. भाला शोभेचाच, घोड्यावर नेऊ नका.

गोव्याच्या खाऱ्या हवेत गंज लगेच धरतो. दुकानात खोबरेल फासतात, ते चिकटून काळे होते आणि पांढऱ्या सदऱ्याला लागते. घामेजलेले चिलखत कोरड्या वाळूसह गोणीत घालून लोळवा, झटका, मग शिलाई मशीनचे तेल पुसटसे लावा. डिपॉझिट कापायला गंजाचे डागच पुरतात.