छोटी कार फेरी: काही महिने रोज वापरल्यावर

बेटावर कामाला जाते म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "बोट लागते का हो?" नाही लागत. उघड्या डेकची छोटी बोट, जेमतेम वीस मिनिटांचं पाणी. गाडी लावायची, हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये ठेवायची, काच खाली करायची आणि वारा खात बसायचं. त्या वीस मिनिटांबद्दल माझी तक्रार नाही. पण गेले कित्येक महिने गाडीसकट ये-जा केल्यावर एक मत पक्कं झालं आहे. अशा सेवेला गुण द्यायचे तर पाण्यावरच्या वेळेचे देऊ नयेत, धक्क्यावरच्या वेळेचे द्यावेत. आणि तिथे माझ्या मार्गाला मी काठावर पास करेन.

आधी कौतुक. बोट दोन्ही तोंडांनी सारखी आहे, पुढे रॅम्प आणि मागेही रॅम्प. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने सरळ उतरायचं, रिव्हर्सची कटकट नाही. स्कॉटलंडमध्ये स्काय बेटाकडे जाणारी 'ग्लेनाचुलिश' नावाची १९६९ची एक बोट अजून चालते. तिच्यावर सहा गाड्या मावतात आणि खलाशी अख्खी फिरती डेक हाताने ढकलून वळवतात. बघायला मौज आहे, रोज कामावर पोचायला मात्र नको.

कित्येकदा बोट धक्क्याला दोराने बांधतच नाहीत, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. पाण्यात उतरत जाणाऱ्या काँक्रीटच्या उतारावर रॅम्प टेकवतात आणि गाड्या चढ-उतर होईपर्यंत इंजिनाच्या जोरावर बोट तिथेच रेटून धरतात. अशा बऱ्याच बोटींना फोइथ-श्नायडर प्रकारचे प्रॉपेलर असतात. बोटीच्या तळाशी उभी पाती चक्राकार फिरतात आणि पात्यांचा कोन बदलला की हवी ती दिशा लगेच मिळते, वेगळं सुकाणू लागत नाही. आडव्या वाऱ्यात बोट खेकड्यासारखी तिरकी सरकत बरोबर उतारावर येते तेव्हा केबिनमधल्या माणसाला मनातल्या मनात सलाम करावासा वाटतो.

सगळी गोम या उतारावरच आहे. फेरी रद्द झाली की नवखे लोक समुद्राकडे बोट दाखवून म्हणतात, "कुठे आहेत लाटा? सगळं शांत तर आहे." पण मधलं पाणी शांत असून भागत नाही. उतारावर हेलकावा शिरत असेल तर रॅम्प काँक्रीटवर आपटतो, आणि त्यावरून गाडी न्यायची म्हणजे जिवावरचा खेळ. वारा किती आहे याइतकंच तो कुठून आहे हेही महत्त्वाचं, हे शिकायला मला पहिला पावसाळी हंगाम लागला. उधाणाच्या दिवसांत ओहोटी पार खाली जाते आणि उताराचा एरवी पाण्याखाली असलेला, शेवाळलेला भाग उघडा पडतो. तिथे चाकं जागच्या जागी फिरतात. पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, एका दमात चढायचं. मध्येच ब्रेक मारला तर मागच्या सगळ्यांचा खोळंबा. जमिनीला चिकटलेली बुटकी गाडी असेल तर रॅम्प आणि उतार जिथे मिळतात तिथे बंपर घासतोच.

आता रांग. बोटीवर किती गाड्या मावतात हा आकडा फलकावर असतो तो फक्त लहान गाड्यांचा. एक मालट्रक आला की तीन-चार गाड्यांची जागा गेली, शिवाय तोल राखायला त्याला मधोमध घ्यावं लागतं. गॅस किंवा पेट्रोलचा टँकर असेल तर त्या फेरीला प्रवासी मोजकेच घेतात किंवा घेतच नाहीत. अॅम्ब्युलन्सला अर्थातच पहिली जागा, त्याबद्दल कोणी हूं की चूं करत नाही. सुट्टीच्या मोसमात पर्यटकांची आगाऊ बुकिंग असतात आणि दवाखान्याची वेळ गाठायची असलेला बेटावरचा माणूस रांगेत राहतो. यावर उपाय अवघड नाही: प्रत्येक फेरीत थोड्या जागा शेवटच्या क्षणापर्यंत स्थानिकांसाठी राखायच्या. पायी जाणाऱ्याला मात्र जागा बहुधा मिळतेच. मीही आता गाडीची खरंच गरज नसेल तेव्हा ती अलीकडच्या काठावरच ठेवते.

म्हणूनच "मोठी बोट द्या" या मागणीत मी नाही. मला दोन छोट्या हव्यात. मोठी बोट आली की फेऱ्या कमी होतात आणि एक चुकली की अर्धा दिवस गेला. धक्काही मोठा लागतो, माणसंही जास्त लागतात. आणि बोट कितीही नवी असो, दुरुस्ती-तपासणीसाठी तिला ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी उपसून कोरड्या केलेल्या गोदीत, जावंच लागतं. तेव्हा बदली बोट नसेल तर बेटावरचं दूध, औषधं, बांधकामाची रेती, सगळं अडतं. आमच्याकडे बदली बोट आली ती लहान निघाली, आणि ते आठवडे मी विसरणार नाही. फेरी वेळेवर सुटली की नाही याची नोंद ठेवतात म्हणे. किती गाड्या धक्क्यावर मागे राहिल्या, त्याचीही ठेवावी.

खलाशी कडक आहेत आणि तसेच असावेत. रात्री चढताना हेडलाइट बंद करायला लावतात, कारण समोरच्याचे डोळे दिपतात. रॅम्प पूर्ण वर येईपर्यंत बोट हलत नाही. १९८७ मध्ये बेल्जियमच्या झीब्रुगा बंदरातून 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही गाड्या नेणारी बोट पुढचे दरवाजे उघडे ठेवून निघाली, गाड्यांच्या डेकवर पाणी शिरून मोकळं हिंदकळलं आणि ती काही क्षणांत कलंडली. १९३ माणसं गेली. ती बंदिस्त डेकची मोठी बोट होती, आमची उघडी आणि छोटी. तरी डेकवर अडकलेल्या पाण्याची भीती खलाश्यांच्या अंगात मुरलेली दिसते.

खुद्द बोटीचा म्हणाल तर डिझेलचा धूर हा एकच खरा उणा गुण, आणि त्याला आता उत्तर आहे. नॉर्वेत 'अँपिअर' ही १२० गाड्यांची बोट २०१५ पासून बॅटरीवर धावते. तिथल्या गावांची वीजवाहिनी दुबळी, म्हणून दोन्ही धक्क्यांवर वेगळ्या बॅटऱ्या बसवल्या. त्या सावकाश भरत राहतात आणि बोट टेकली की तिला झपकन वीज देतात. म्हणजे इथेही प्रश्न सुटला तो धक्क्यावरच.

गाडीचं म्हणाल तर खारं पाणी वरून उडतं त्यापेक्षा उतारावर खालून जास्त लागतं. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने बूड धुवा, ब्रेकच्या चकत्यांकडे लक्ष ठेवा. चोरघंटा बंद करायला विसरू नका, हेलकाव्याने ती वाजते आणि सगळी बोट तुमच्याकडे बघते. रोज वापरायला गाडी घेणार असाल तर जुनी, उंच आणि जिच्यावर ओरखडा आला तरी जीव खालीवर होणार नाही अशी घ्या.