'इतर खेळ'मधलं बॅडमिंटन: एका क्रीडा-ॲपसोबत काढलेलं वर्ष

ॲप उघडलं की वर खेळांच्या चौकोनांची पट्टी येते. टेनिसला स्वतःचा चौकोन. आत शिरलं की स्पर्धा, खेळाडू, क्रमवारी, जुने सामने, सगळं नीट लावून ठेवलेलं. बॅडमिंटन हवं असेल तर पट्टी सरकवत सरकवत पार शेवटी जायचं. तिथे 'इतर खेळ' आहे, त्यात स्क्वॉश, डार्ट्स आणि आमचं बॅडमिंटन. डार्ट्सच्याही खाली.

वर्षभराचं सब्स्क्रिप्शन मी आणि दादाने निम्मं-निम्मं घेतलं होतं. दादा टेनिसवाला. रॅकेट हातात न धरता टेनिसवर दोन तास बोलू शकतो. मी नऊ वर्षं रोज सकाळी दुहेरी खेळते आणि माझा बॅकहँड अजूनही देवाच्या भरवशावर असतो. ॲपचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी चौकोनांवरून ओळखलंच असेल.

आधी चांगलं सांगते. चित्र स्वच्छ येतं, मध्येच अडकत नाही. रविवारी पाचही अंतिम सामने एकापाठोपाठ एक लागतात आणि ते सलग बघण्यात जी चैन आहे ती टेनिसमध्ये नाही, हे दादानेही मान्य केलंय. शिवाय 'फक्त मैदानाचा आवाज' असा एक पर्याय सेटिंगमध्ये कुठेतरी खोल दडवलाय. समालोचन बंद होतं आणि बुटांची करकर, तारांचा टणत्कार, खेळाडूंचं ओरडणं तेवढं उरतं. इंडोनेशिया ओपनच्या वेळी हे लावून बघा. जकार्ताच्या इस्तोरा सनायनमधले प्रेक्षक प्रत्येक फटक्याला एका सुरात आरोळी देतात. बॅडमिंटनला लोक नाहीत असं म्हणणाऱ्याला मी एवढंच ऐकवते.

आता बाकीचं. बॅडमिंटनची स्पर्धा मंगळवारी सुरू होते आणि रविवारी संपते. पाच प्रकार (पुरुष आणि महिलांची एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी), प्रत्येकात साधारण ३२ जण किंवा ३२ जोड्या, त्यामुळे पहिले दोन दिवस तीन-चार कोर्टांवर एकदम धुमाळी असते. ॲप त्यातलं एक कोर्ट दाखवतं, फार तर दोन. तुमची आवडती जोडी तीन नंबरच्या कोर्टावर असली की बसा आकडे बघत. ग्रँड स्लॅमला मात्र अगदी कोपऱ्यातल्या कोर्टावरचा सामनाही दिसतो.

निकाल फोडण्यात तर ॲपचा हात कुणी धरणार नाही. सूचना बंद करा, काही उपयोग नाही, कारण रिप्लेखाली व्हिडिओची लांबी लिहिलेली असते. सामना २१ गुणांच्या तीन गेमचा, दोन जिंकले की संपला; ३८ मिनिटं दिसली की कळतं, दोन गेममध्ये आटोपलं. मग तिसऱ्या गेमची धाकधूक कशाची लागणार?

एकदा महिला दुहेरीची उपांत्य लढत चालू होती. तिसरा गेम, १७-१७. तेवढ्यात बॅडमिंटनची ठरलेली वेळ संपली आणि पडद्यावर टेनिसपटू आले. सामना सुरू व्हायचा होता, नुसता सराव चालू होता. दादा शेजारीच बसला होता. काही बोलला नाही, पण हसला, आणि ते मी विसरलेले नाही.

तक्रार करायला गेले तर फॉर्ममध्ये खेळांची यादी, आणि त्यात बॅडमिंटन नाही. 'टेनिस' निवडून तक्रार पाठवली. चार दिवसांनी उत्तरात पुढच्या महिन्याचं टेनिसचं वेळापत्रक आलं.

जुन्या सामन्यांतही तोच दुजाभाव. २०१० च्या विम्बल्डनमधला इस्नर-माहू सामना, तीन दिवस चाललेला, ११ तास ५ मिनिटांचा, इथे अख्खा ठेवलाय. तो कोण बघतं देव जाणे. आणि २०१७ ची ग्लासगोची जागतिक स्पर्धेची फायनल, आपली सिंधू विरुद्ध जपानची ओकुहारा, ११० मिनिटांची, ती नऊ मिनिटांत उरकलीय. त्यातली ७३ फटक्यांची रॅली मधूनच कापलेली. सर्व्हिस दिसते, मग एकदम दोघी धापा टाकताना दिसतात.

इथपर्यंतचं खापर ॲपवर. पण पुढचं सगळं त्यांच्या माथी मारता येत नाही, हे मला दादाला लंडन २०१२ ऑलिंपिकची पुरुष एकेरीची फायनल दाखवताना कळलं. चीनचा लिन डॅन आणि मलेशियाचा ली चोंग वेई, लिन डॅन जिंकला, १५-२१, २१-१०, २१-१९. मी कितव्यांदा तरी बघत होते आणि अंगावर काटा येत होता. दादा म्हणाला, "अगं, पण हे थांबत का नाहीत? माणूस कोण आहे ते बघू तरी दे."

मी चिडले. नंतर त्याच्यासोबत टेनिस बघताना लक्षात आलं की तो बोलला ते खरंच होतं. टेनिसमध्ये दोन गुणांच्या मध्ये २५ सेकंद मिळतात, बाजू बदलताना दीड मिनिट. तेवढ्यात कॅमेरा चेहऱ्यावर जातो, टॉवेलवर जातो, प्रेक्षकांत बसलेल्या आईवर जातो. समालोचक मागचा गुडघा, मागचा पराभव, मागचं भांडण काढतो. तासाभरात तो खेळाडू तुमच्या ओळखीचा झालेला असतो. बॅडमिंटनमध्ये शटल पडलं, उचललं, सर्व्हिस. लिन डॅन काय चीज आहे हे सांगायला कुणाला सवडच मिळत नाही.

गेम चालू असताना हक्काची सवड मिळते ती ११ गुणांवर, एक मिनिटाची. प्रशिक्षक कोर्टावर येऊन खेळाडूच्या कानाशी लागतो. कधी समजावतो, कधी सरळ झापतो, आणि मूळ प्रक्षेपणात ते ऐकूही येतं. टेनिसच्या ग्रँड स्लॅममध्ये कित्येक वर्षं प्रशिक्षकाला सामन्यात तोंड उघडायची परवानगी नव्हती, म्हणजे हे खास आपल्याकडचं होतं. आमचं ॲप नेमकं त्या एका मिनिटात जाहिरात लावतं. दर वेळी.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची. तो कोर्टाच्या मागे, उंचावर. १३.४० मीटरचं अख्खं कोर्ट त्यात मावतं खरं, पण स्मॅश किती उभा खाली येतो ते पार सपाट होऊन जातं. सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशची २०२३ मध्ये चाचणीत ताशी ५६५ किमी वेगाची गिनीज नोंद झाली. इस्नरची २०१६ मधली सर्व्हिस २५३. आकडे ऐकून दादाने भुवया उंचावल्या, पडद्यावर बघून खाली आणल्या. त्याचंही बरोबरच आहे. १६ पिसांचं, जेमतेम ५ ग्रॅमचं शटल रॅकेटवरून सुटताना त्या वेगात असतं आणि लगेच हवेत ब्रेक लागल्यासारखं मंदावतं. त्याच फसवाफसवीत खेळाची सगळी गंमत आहे, आणि वरून बघणाऱ्याला ती दिसत नाही. एकदाच नेटच्या उंचीवरून रिप्ले दाखवला, तेव्हा दादाने हातातला फोन बाजूला ठेवला होता. सबंध वर्षात एकदा.

नावांचंही बोलायलाच हवं. २०१८ पासून बॅडमिंटनच्या स्पर्धांची वर्ल्ड टूर नावाची मालिका आहे, तिच्या पायऱ्या सुपर १०००, ७५०, ५००, ३००, १००. मोटरसायकलच्या शोरूममध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं. त्यात ॲपवर स्पर्धा प्रायोजकाच्या नावाने लावलेल्या. १८९९ पासून चालत आलेली ऑल इंग्लंड मला 'ऑ'खाली सापडलीच नाही.

शेवटी पैशांवरून आमचं वाजलं. दादाचं म्हणणं, टेनिस जास्त दाखवतात कारण पैसा तिथे आहे. मी म्हटलं, जास्त दाखवतात म्हणून पैसा तिथे आहे. मग दोघांनी मिळून आकडे काढले. २०२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला १ लाख १० हजार डॉलर. त्याच वर्षी ऑल इंग्लंडची एकेरी जिंकणाऱ्याला १ लाख १ हजार ५०० डॉलर. आणि बॅडमिंटनच्या जागतिक स्पर्धेत बक्षिसाची रक्कमच नसते, नुसतं पदक. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लाव, तुझी ती मिश्र दुहेरी लाव."

टेनिस बघणाऱ्यांना ॲप पाचपैकी साडेचार. आमच्यासारख्यांना अडीच, त्यातला अर्धा मैदानाच्या आवाजाचा. नूतनीकरण करतोय, पण या वेळी दादा दोन तृतीयांश भरणार आणि मी एक तृतीयांश. डार्ट्सचं कोण भरतं ते मात्र आम्हाला अजून कळलेलं नाही.